लघवीच्या बेंचवर

नव्वद साली मी कुवेतला होते असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो. त्याला रणगाडे हवे असतात. रणगाडे मी पाहिले. आमच्या खैतान वस्तीच्या चौकात दोन उभे होते आणि त्यांच्या तोफेवर सैनिक धुतलेले बनियन वाळत घालायचे. त्यापलीकडे मला त्यांच्याबद्दल फारसं सांगता येत नाही. त्या काळात माझं लक्ष ज्या गोष्टीवर होतं ती म्हणजे लघवी. हे ऐकलं की खुर्ची परत मागे जाते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मात्र ती मागे नेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी मिरजेत लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, तिथेच पाच वर्षं नोकरी केली आणि लग्नानंतर नवऱ्याच्या पाठोपाठ कुवेतला गेले. प्रदीप अर्दियातल्या एका गोदामात स्टोअरकीपर होता. आम्ही खैतानला दोन खोल्यांत राहायचो. मला एका मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये, जंतूंच्या विभागात काम मिळालं. इस्पितळ कोणतं ते सांगत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत.

जंतूंच्या विभागात बेंचेसची उतरंड असते. रक्ताचा बेंच मानाचा, कारण तिथे रिपोर्ट आला की मोठे डॉक्टर धावत येतात. टीबीचा बेंच भीतीचा. आणि लघवीचा बेंच नव्याने आलेल्याचा. रोज शंभराच्या आसपास बाटल्या, वासाबद्दल बोलायलाच नको. मी नवीन म्हणून तो मला दिला. वर्षभराने डॉक्टर नबील, म्हणजे आमचे विभागप्रमुख, मला दुसरा बेंच द्यायला निघाले तेव्हा मीच नको म्हटलं. माणूस काय खातो, किती पाणी पितो, कुठल्या वॉर्डात किती दिवस पडून आहे, हे सगळं मला त्या बाटल्यांवरून कळायला लागलं होतं. अशी जागा कोण सोडेल?

काम साधं असतं. तारेच्या टोकाला केलेली बारीक कडी लघवीत बुडवायची आणि काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या बशीत ओढायची. बशीत चायनाग्राससारखं घट्ट काहीतरी ओतलेलं असतं, त्यात जंतूंचं खाणं असतं. ती बशी रात्रभर उबेत ठेवली की सकाळी जंतूंच्या वसाहती दिसतात, ठिपक्यांसारख्या. मग तो जंतू दुसऱ्या बशीत एकसारखा पसरायचा आणि त्यावर कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. प्रत्येक टिकलीत एक वेगळं औषध. दुसऱ्या दिवशी ज्या टिकलीभोवती स्वच्छ गोल मोकळी जागा पडली, ते औषध त्या जंतूला मारतं. जिच्या कडेला चिकटून जंतू खुशाल वाढलेला असतो, ते औषध त्याच्यापुढे निकामी. मोकळ्या गोलाला आम्ही एस लिहायचो, निकामीला आर. डॉक्टर बाकी काही वाचत नाहीत, एस कुठे आहे तेवढं बघतात.

नव्वदच्या मे महिन्यात अशी एक बशी माझ्या हातात आली की तिच्यात आठ टिकल्या होत्या आणि गोल एकच.

पेशंटचं नाव सीताराम घाणेकर. नाव वाचून मी मुद्दाम वॉर्डात गेले, एरवी टेक्निशियनने वर जायचं काही कारण नसतं. पुरुषांचा हाडांचा आणि शस्त्रक्रियेचा मिळून एक मोठा वॉर्ड होता, त्यात सात नंबरच्या कॉटवर चाळिशीचा, काटक, उन्हाने करपलेला माणूस पडलेला होता. गुहागरकडचा. बांधकामावर फळ्या ठोकून साचे करणारा सुतार. अर्दियाच्या बाजूला एका इमारतीच्या परांचीवरून खाली आला होता, कमरेचं हाड आणि मांडी दोन्ही मोडलं होतं. हलता येत नव्हतं म्हणून महिनाभर लघवीला नळी घातलेली. आता चार दिवस थंडी वाजून ताप येत होता.

मी मराठीत विचारलं, "घाणेकर, कसं वाटतंय?"

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे मान वळवली. "बाय, तुम्ही आपल्यातल्या?"

"हो. मिरजेची. तुमची लघवी तपासते मी."

ते ओशाळले. "अरे देवा. असलं काम कशाला घेतलंव?"

त्यांना वाटलं मला कुणीतरी शिक्षा केली आहे. पुढेही ते मला अधूनमधून विचारायचे, दुसरं काम मिळत नाय काय म्हणून.

त्यांच्या बशीतला तो एक गोल एका इंजेक्शनभोवती होता. ते औषध जपून द्यावं लागतं, मूत्रपिंडाला आणि कानाला बाधतं. बाकीची सात औषधं, त्यात त्या काळी नवी आणि फार जोरदार समजली जाणारीही होती, त्यांच्या जंतूने पचवली होती. जंतूचं नाव क्लेबसिएला. बशीत तो मधाच्या थेंबासारखा फुगून, चकाकून दिसतो आणि कडीने उचलला तर तार धरतो. दिसायला देखणा, मला तो आवडायचा.

मी रिपोर्ट दिला. त्यानंतर दोन दिवसांनी तसलीच दुसरी बशी आली. तीच तार, तोच एकटा गोल. वेगळा पेशंट, वॉर्ड तोच. मग तिसरी. हा तिसरा पेशंट म्हणजे अबू नासिर, पॅलेस्टिनी, निवृत्त गणिताचे मास्तर, प्रोस्टेटच्या ऑपरेशनसाठी आलेले. त्यांचा मुलगा रोज दुपारी लॅबच्या खिडकीशी येऊन माझ्याकडून रिपोर्टची चौकशी करायचा. फार सभ्य मुलगा. "सिस्टर, वडील म्हणतात उत्तर बरोबर यायला वेळ लागतो, घाई करू नका." असं म्हणायचा आणि तरी रोज यायचा.

मी बेंचसाठी माझी एक वही ठेवायचे, वार, वॉर्ड आणि एस-आर लिहिलेली. तिसरं नाव लिहिताना मला कळलं की हे तीन वेगळे आजार नाहीत. हा एकच जंतू आहे आणि तो वॉर्डात कॉटवरून कॉटवर चालला आहे. ऑपरेशनला आले तेव्हा मास्तरांची लघवी मीच तपासली होती, ती स्वच्छ होती. म्हणजे हा जंतू त्यांनी घरून आणलेला नव्हता. तो त्यांना आम्ही दिला होता.

हे मला कळलं आणि मी गप्प बसले. आठ दिवस. कारण सांगायला सोपं आहे आणि लिहायला जड जातं. मी टेक्निशियन होते, कॉन्ट्रॅक्टवर होते, बाई होते. वॉर्डचे मोठे सर्जन नळी असलेल्या प्रत्येक पेशंटला आधीच जोरदार अँटिबायोटिक लावून ठेवायचे, ताप येऊ नये म्हणून. माझी वही असं म्हणत होती की त्यामुळेच साधे जंतू मरतात आणि हा एक दांडगा तेवढा उरतो, त्याला रान मोकळं मिळतं. हे एका सर्जनला कोण जाऊन सांगणार? मी मनाशी ठरवलं की आणखी एखादी बशी येऊ दे, म्हणजे खात्री होईल.

ती आली. आणि त्याच आठवड्यात अबू नासिर गेले. जंतू रक्तात उतरला होता. माझा रिपोर्ट वेळेत गेला होता, इंजेक्शनही सुरू झालं होतं, पण वय आणि हृदय दोन्ही साथ देईनात. त्यांना लागण आधीच झालेली होती, मी बोलले असते तरी ते वाचलेच असते असं नाही. प्रदीपने हे मला त्या वेळी अनेकदा समजावलं आणि ते खरंही आहे. पण मुलगा कागद घ्यायला खिडकीशी आला तेव्हा "शुक्रन, सिस्टर" असं म्हणून त्याने माझे आभार मानले आणि मला त्याच्याकडे बघता आलं नाही. आजही नेमका तो चेहरा आठवत नाही, कारण मी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी डॉक्टर नबीलांपुढे उभी राहिले. ते इजिप्तचे. जाडजूड, हसरे, दर दोन वाक्यांनी "मालेश" म्हणणारे. मालेश म्हणजे असू दे, चालायचंच. मशीन बिघडलं, मालेश. पाणी आलं नाही, मालेश. मला वाटलं माझ्या वहीलाही तेच म्हणतील.

त्यांनी वही दोनदा वाचली. चष्मा काढला. "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"आठ दिवस."

मला मालेश ऐकायचं होतं, ते म्हणाले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "संशय घेऊन सर्जनकडे जाता येत नाही. जंतू कुठून येतोय ते शोध. सकाळी वॉर्डात जा आणि काहीही विचारू नकोस, फक्त बघ."

वॉर्डची मुख्य नर्स एलियम्मा, कोट्टायमची. तिच्यात आणि माझ्यात हिंदी चालायची, आणि तिच्या हिंदीत डॉक्टरपासून सलाईनच्या बाटलीपर्यंत सगळे पुल्लिंगी. ती स्वभावाने कडक होती. लॅबवाली बाई वॉर्डात उभी राहून बघते आहे हे तिला अजिबात रुचलं नाही.

"मेरा वॉर्ड गंदा है, ऐसा बोलने आया तुम?" तिने पहिलंच वाक्य टाकलं.

"बोलने नहीं, देखने आयी हूँ."

मी तासभर उभी होते. नळी घातलेल्या पेशंटची लघवी खाली लोंबणाऱ्या पिशवीत जमते. दर पाळीला ती मोजून लिहायची आणि ओतायची असते. मोजायला वॉर्डात एक मापाचं भांडं होतं, प्लास्टिकचं, कडेला मिलिलिटरच्या रेघा. वॉर्डबॉय एका कॉटपासून सुरुवात करायचा. पिशवीची तोटी भांड्यात धरायची, आकडा वाचायचा, संडासात ओतायचं, नळाखाली एकदा खळबळायचं आणि पुढची कॉट. तेच भांडं आणि हातात तेच मोजे. पाच, सहा, सात, आठ, असा तो बारापर्यंत गेला. तोटी प्रत्येक वेळी भांड्याच्या तळाला टेकत होती.

माझ्या शेजारी एलियम्मा उभी होती. ती हे दृश्य रोज बघत असणार, पण त्या दिवशी माझ्याबरोबर बघत होती. सात नंबरवरून भांडं आठ नंबरला गेलं तेव्हा तिने माझ्या दंडाला धरलं.

"बस," ती हळू म्हणाली. "मैं समझ गया."

मी म्हटलं, "एकच भांडं का?"

"मैं बहुत मांगा था. एक आया." मग म्हणाली, "और मैं फिर नहीं मांगा. उसको गुस्सा मत करना. उसको ऐसा हम ही सिखाया."

मी भांड्याच्या तळाशी कापसाची काडी फिरवली आणि लॅबमध्ये येऊन बशीत ओढली. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी बशीत आठ टिकल्या होत्या आणि गोल एक.

डॉक्टर नबील मला बरोबर घेऊन सर्जनच्या खोलीत गेले. त्यांनी टेबलावर पाच बश्या एका ओळीत मांडल्या. चार पेशंटच्या, एक भांड्याची. सर्जन फार हुशार माणूस होता आणि हुशार माणसांना लवकर राग येतो. "हे काय आहे?" त्याने विचारलं.

"यातल्या चार तुमच्या पेशंटच्या आहेत," डॉक्टर नबील म्हणाले. "एक वॉर्डातल्या मापाच्या भांड्याची."

सर्जनने एकेक बशी उचलून उजेडाकडे धरली. मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "भांड्याची कोणती?"

मी म्हटलं, "मागचा नंबर वाचल्याशिवाय मलाही सांगता येत नाही, सर."

त्याने बश्या होत्या तशा खाली ठेवल्या. राग वगैरे काही नाही. "किती नळ्या उद्या काढता येतील?" असं त्याने विचारलं, ते आम्हाला नव्हे, फोन उचलून वॉर्डला. त्या दिवसापासून प्रत्येक कॉटला स्वतंत्र भांडं, प्रत्येक पेशंटला नवे मोजे आणि ज्याची नळी खरोखर गरजेची नाही त्याची काढायची, असं ठरलं. ताप नसताना केवळ भीतीपोटी दिलेली अँटिबायोटिक्सही बंद झाली. सगळी एकदम नाही, कुरकुरत झाली. मोठ्या माणसाने चूक कबूल करताना थोडी कुरकुर केली तर ती करू द्यावी, असं माझं मत आहे.

घाणेकरांना माझ्या रिपोर्टनंतर लगेच ते एकमेव इंजेक्शन मोजूनमापून सुरू केलं होतं. एलियम्मा रोज सकाळी त्यांच्या कानाशी मनगटावरचं घड्याळ धरायची. "टिकटिक सुनता?" तिला भीती होती की औषधाने कान जातील. घाणेकर म्हणायचे, "सुनता, सिस्टर, पण पाच मिन्ट मागे हाय तुमचं." पाचव्या दिवशी ताप उतरला. पंधरवड्याने नळी निघाली. जुलैच्या अखेरीला माझ्या वहीत त्या वॉर्डाच्या पानावर तो जंतू तीन आठवडे आला नव्हता.

आणि दोन ऑगस्टला सकाळी इराकचं सैन्य शहरात शिरलं.

पहिल्या आठवड्यात निम्मे लोक कामावर आले नाहीत. नंतर हळूहळू काही आले, काही देश सोडून गेले. मी आणि प्रदीपने विचार केला की घरात बसून रेडिओ ऐकण्यापेक्षा इस्पितळात जाणं बरं. बस बंद होत्या. प्रदीप मला सकाळी चालत सोडायला यायचा आणि मग तोही तिथेच थांबायचा, कारण त्याचं गोदाम फोडलं गेलं होतं आणि त्याला सांभाळायला काही उरलं नव्हतं. एलियम्माने त्याला स्ट्रेचर ओढायला लावलं.

लॅबमध्ये सामान येणं थांबलं. टिकल्यांच्या डब्या संपत आल्या, बशीत ओतायची पावडर तळाला गेली. डॉक्टर नबील म्हणाले, "आता आठ टिकल्या नाहीत. चार. कोणत्या चार ते तू ठरव." तीन वर्षांत मला कुणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं. मी जुनी, साधी, इस्पितळात अजून शिल्लक असलेली औषधं निवडली. ज्याला ताप आहे त्याचीच लघवी घ्यायची, ज्याला त्रास नाही त्याची घ्यायची नाही, असा नियम केला. आधी हाच नियम कुणी सुचवला असता तर डॉक्टरांनी त्याला वेड्यात काढलं असतं. जोरदार औषधं वापरायला नव्हतीच, त्यामुळे ती उगाच वापरली जात नव्हती. हे चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. मधुमेहाचे, डायलिसिसचे पेशंट औषधावाचून हाल काढत होते आणि ते आमच्या डोळ्यांसमोर होतं. पण माझ्या बेंचपुरतं सांगायचं तर बश्यांमधले गोल हळूहळू मोठे व्हायला लागले.

मापाची नवी भांडीही मिळेनात. एलियम्माने ज्यूसच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या कापून रेघा मारून घेतल्या. त्या जमिनीवर ठेवल्या की लाथेने उडायच्या आणि मग कुणाची कुठली ते कळेना. पुन्हा सगळं एकत्र होणार, या काळजीने ती मला शिव्या घालायची, जणू मीच सैन्य आणलं होतं. घाणेकर तोवर कुबड्यांवर उभे राहायला लागले होते. घरी जाता येत नव्हतं, म्हणून वॉर्डातच राहात होते. एक दिवस मला म्हणाले, "बाय, तुमच्या साहेबाला सांगा, गोदामातनं फळ्या मिळतील काय?"

"कशाला?"

"ह्या बाटल्या जागच्या जागी राहायला पाहिजेत ना."

फोडलेल्या गोदामात लुटारूंनी पेट्यांमधला माल नेला होता आणि पेट्या टाकल्या होत्या. प्रदीपने आणि आणखी दोघांनी त्यांच्या फळ्या आणल्या. घाणेकर खुर्चीवर बसून, मोडलेला पाय समोर स्टुलावर ठेवून, प्रत्येक कॉटच्या पायाला अडकेल असा एकेक खोका करायला लागले. बाटली नेमकी आत बसेल एवढंच भोक, वर कॉटचा नंबर कोरलेला. करवत इस्पितळाच्या मेंटेनन्सवाल्याची, प्लास्टर कापायलाही वापरली असावी, मी विचारलं नाही. आठवडाभरात बावीस खोके झाले. एलियम्माने प्रत्येकाला हलवून पाहिलं. एकही हलला नाही.

"तू सुतार अच्छा है," ती म्हणाली. तिच्याकडून मी ऐकलेली ही एकमेव स्तुती.

"कमरेखालचं काम आहे, सिस्टर," घाणेकर मराठीत म्हणाले, "पण सुबक पाहिजे."

सप्टेंबरच्या शेवटी आमचे कागद झाले. बसने बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सरहद्दीवरून अम्मान आणि तिथून विमानाने मुंबई. घाणेकरांना आम्ही बरोबर घेतलं, कुबड्यांवरचा माणूस एकटा गेला नसता. डॉक्टर नबील आधीच कैरोला गेले होते. एलियम्मा राहिली. मी तिला चल म्हटलं. ती पिशवीचं माप वाचत होती, आकडा लिहून झाल्यावर म्हणाली, "बाईस पेशंट है. तुम सबको साथ लेके जायेगा क्या?" मी गेले. तिला मागे ठेवून गेल्याचं मला वाईट वाटतं आणि मी गेले हे चुकलं असंही वाटत नाही. दोन्ही तसंच राहिलं आहे.

जॉर्डनच्या हद्दीत वाळवंटात तंबूंची छावणी होती. तिथे तिसऱ्या दिवशी प्रदीप मला बोलवायला आला. घाणेकरांना लघवीला जळजळ होत होती आणि रंग गडद होता, चहासारखा. तो जंतू परत आला असेल तर त्याचं औषध त्या छावणीत नव्हतं. माझ्याजवळ ना बशी, ना टिकली, ना सूक्ष्मदर्शक. छावणीतला डॉक्टर तरुण, दमलेला, जवळ होत्या त्या गोळ्यांची पाकिटं त्याने काढलीसुद्धा.

मी म्हटलं, "थांबा जरा. घाणेकर, ताप आहे? थंडी वाजते?"

"नाय."

"पाठीत दुखतं?"

"नाय."

"पाणी किती प्यालात?"

ते वाळूकडे बघायला लागले. "कसलं पानी बाय. पानी प्यालं की जायला लागतंय. त्या रांगंत कुबड्या घेऊन तासभर कोन उभा राहनार? म्हनून पीतच नाय."

डॉक्टरने त्यांच्या कपाळाला हात लावला, नाडी पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. मी आधीची हकिकत थोडक्यात सांगितली, जंतूचं नाव, लागू पडलेलं इंजेक्शन. तो म्हणाला, "मग आज गोळी नको. ताप आला तर लगेच आणा." प्रदीपने एक मोठा डबा मिळवला आणि तंबूच्या मागे आडोसा केला. घाणेकर तांब्यामागून तांब्या पाणी प्यायले, मी समोर बसून प्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला तंबूबाहेरून हाक मारली. "बाय, बघता काय? नितळ हाय." मी बघितलं. आयुष्यात हजारो नमुने पाहिले, पण इतक्या अभिमानाने कुणी दाखवला नव्हता.

मुंबईच्या विमानतळावर त्यांची बायको आणि भाऊ आले होते. घाणेकरांनी आमची ओळख करून देताना सांगितलं, "ह्या आमच्या मिरजेच्या बाय. ह्यांनी माजी लघवी सांभाळली." बायको बिचारी लाजून हसली. पुढे त्यांनी गुहागरलाच सुतारकाम धरलं, परत आखातात गेले नाहीत. गणपतीत एकदा आम्ही त्यांच्याकडे जाऊन आलो. पाय किंचित आखूड झाला आहे, बाकी ठणठणीत.

इराकचं सैन्य हटलं आणि एक्क्याण्णवच्या उन्हाळ्याच्या अखेरीला इस्पितळातून बोलावणं आलं. मी गेले. तेलाच्या विहिरी अजून पेटलेल्या होत्या, दुपारी दिवे लावून काम करावं लागे आणि खिडकीच्या कडेला काजळी जमायची. लॅबमधली मशीन्स गेली होती. उबेची पेटी मात्र कुणी नेली नव्हती, फार जड होती म्हणून असेल. इराकी सैन्य होतं ते सातही महिने एलियम्मा तिथेच होती. केस पांढरे झाले होते आणि हिंदी तेवढीच. मला बघून ती म्हणाली, "बहुत दिन छुट्टी लिया." आणि मग डोळे पुसायला वळली.

नंतरच्या काळात मी त्या देशात आणखी सोळा वर्षं काम केलं आणि त्या काळात जे जंतू पाहिले त्यांच्यापुढे घाणेकरांचा जंतू गरीब वाटावा. औषधांच्या पेट्या परत भरल्या, भीतीपोटी द्यायची सवयही परत आली. निवृत्त होताना माझ्या बेंचवर अशा बश्या यायच्या की ज्यात एकही गोल नसे. ते सगळं खरं आहे आणि त्याची मला काळजी वाटते. पण आमच्या कामात कायमचं जिंकणं नसतंच. एखादा वॉर्ड, एखादा उन्हाळा, तेवढं जमतं आणि ते पुष्कळ आहे असं मला वाटतं.

परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्याच वॉर्डातून एक बाटली आली. एका म्हाताऱ्या कुवेती गृहस्थांची, तीन दिवस नळी घातलेली, किंचित ताप. टिकल्या नव्या आल्या होत्या, मी आठही ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बशी काढली. ई. कोलाय, अगदी साधा, पहिलीच्या पुस्तकातला. आठ टिकल्या, आठ गोल, एकमेकांना टेकलेले. मी वॉर्डात फोन लावला.

"अकरा नंबर," मी म्हटलं. "सगळ्याला एस."

"सबको?" एलियम्माने विचारलं.

"आठही."

तिने ते लिहून घेतलं. मग मी म्हटलं, "डॉक्टरांना सांग, जे सर्वात जुनं औषध आहे ते पुरेल. गोळ्या सुरू करा."

"गोली बाद में," एलियम्मा म्हणाली. "पहले मैं नली निकालता."